सवण्याची वाटणी

बेंबळीत नवीन आलेलं माणूस सारजाबाईला पहिल्यांदा भेटलं की हमखास विचारायचं, "बाई, रडायला काय झालं?" तिचे डोळे बाराही महिने लाल आणि ओले असायचे. या प्रश्नाची तिला एवढी चीड होती की समोरच्याचं वय, मान काही न बघता ती म्हणायची, "रडायला तुमच्या घरचं कोण मेलंय?" आणि आपल्या वाटेला लागायची. सासरा गेला तेव्हा ती चारचौघांत रडली नव्हती. एकुलती लेक नांदायला निघाली तेव्हाही गाडी नजरेआड होईस्तोवर ओठ घट्ट मिटून उभी होती. डोळ्यांतलं पाणी चुलीच्या धुराचं होतं, आणि तो धूर आपल्या नशिबी कुणी घातला हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोरल्या जावेनं. म्हाळसाबाईनं.

दोघी एकाच घरात राहत होत्या आणि नऊ वर्षांत एकमेकींशी समोरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

सारजाबाई माकणीकडची, मेंढपाळाची लेक. लहानपण कळपामागं गेलं. तिची आई उघड्या रानात तीन दगडांवर भाकरी भाजायची. वारा फिरला की दगडांच्या दुसऱ्या अंगाला सरकून बसायची, बस्स, धुराचा प्रश्न मिटला. घरातली चूल काय असते ते सारजाबाईला लग्न होऊन बेंबळीत आल्यावर कळलं. सासरची माणसंही मेंढरांचीच, पण गावात त्यांचं चांगलं माळवद होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, कड्यांवर माती अंथरून केलेलं सपाट छत. पुढं लांबलचक ओसरी आणि मागं एकच मोठी खोली. त्या खोलीत चूल, आणि चुलीच्या बरोबर वर छताला हातभर रुंद भोक ठेवलेलं. त्याला सवणं म्हणायचे. धूर त्यातून वर जायचा आणि उजेड खाली यायचा. नव्या सुनेला त्या उजेडात बसवून म्हाळसाबाईनं चार दिवस हाताला धरून सगळं दाखवलं होतं. सारजाबाई तेव्हा तिला आक्का म्हणायची.

मग थोरला दीर तापानं गेला. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. म्हाळसाबाईला मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि तिनं पंच बोलावून वाटणी मागितली. सारजाबाई त्या वेळी आईच्या दुखण्यापायी माहेरी होती. दोन महिन्यांनी ती परत आली, तर खोलीच्या मधोमध छताला भिडलेली नवी भिंत उभी. सवणं भिंतीच्या पलीकडं. मागचं परडंही पलीकडच्या हिश्शाला. तिच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या खोलीला एका अंगाला ही नवी भिंत, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याच्या कोठाराची भिंत, मागं जावेचं परडं, आणि ओसरीत उघडणारं एकच दार. डबीत कोंडल्यासारखी खोली.

"ही असली कसली वाटणी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

धुळाप्पा पागोट्याचा शेव चाळवत म्हणाला, "पंचांचा फैसला हाय. थोरलीचा मान. आपुन दुसरं सवणं पाडू की, त्यात काय."

त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

त्या नऊ वर्षांत सारजाबाईनं रोज दोन वेळा त्या डबीत तुराट्या पेटवल्या. धूर आधी छताला चिकटायचा, मग भिंतीवरून खाली उतरायचा, आणि पिठात हात घालेपर्यंत तिच्या खांद्याशी यायचा. भिंतीपलीकडून म्हाळसाबाईच्या चुलीचा आवाज यायचा, पण तिचा खोकला कधी यायचा नाही. ते न खोकणं सारजाबाईला शिवीपेक्षा जास्त लागायचं. ती भाकरी थापायची ती जावेच्या पाठीवर थापल्यासारखी.

भांडण व्हायचं ते आडून. म्हाळसाबाई अंगणात कोंबडीला म्हणायची, "सटवे, आपल्या उकिरड्यात भागंना व्हय, दुसऱ्याच्यात चोच घालतीस?" लगेच सारजाबाई हातातल्या खराट्याला सांगायची, "ज्यांनी गोरगरिबाचा उजेड खाल्ला, त्यांच्या तोंडात माती पडंल, बघ तू." थोरल्या जावेला अरेतुरे करायची रीत नव्हती, म्हणून ती शिव्यासुद्धा आदरानं द्यायची. सारजाबाईच्या लेकीच्या हळदीच्या दिवशी म्हाळसाबाई दाराला कुलूप घालून तुळजापूरला निघून गेली. पुढल्या वर्षी म्हाळसाबाई तापानं फणफणली. तीन दिवस पलीकडची चूल पेटली नाही. सारजाबाईला भिंतीतून कण्हणं ऐकू येत होतं. ती उठली नाही. गल्लीतल्या दुसऱ्या बायांनी येऊन पाणी पाजलं. त्याबद्दल सारजाबाईला पुढं कधी वाईट वाटलं असं कुणी ऐकलं नाही.

एकसष्टच्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरी साय आली. सुईत दोरा जाईना, मग मेंढरू काळं की तांबडं तेही कळेना. मोटारीनं ती उस्मानाबादच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले.

"डाव्याचं आता काही होत नाही, बाई. उजवा जपा. धुरात बसणं बंद करा, नाहीतर दोन वर्षांत तोही जाईल."

"धुरात न बसता भाकरी कशी करू, साहेब?"

"ते तुमच्या घरच्यांना विचारा," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या मोटारीत ती एका डोळ्यावर हात ठेवून बाहेर बघत होती, मग दुसऱ्या डोळ्यावर. डाव्यानं नुसता पिवळा उजेड. बेंबळीच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं. बापानं आंदण दिलेल्या मेंढीच्या वाणातल्या दोन मेंढ्या तिच्या स्वतःच्या होत्या. त्या विकायच्या आणि त्यात बसेल तेवढी चूल नीट करून घ्यायची.

धुळाप्पा म्हणाला, "मेंढरं इकून चूल बांधायची? लोकं हसतील."

"लोकं हसलेली मला उजव्या डोळ्यानं बघायचीत," सारजाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्या गेल्या.

तिनं नळदुर्गहून महालिंगप्पाला बोलावलं. महालिंगप्पा गवंडी, बोलायला कानडी वळणाचा आणि जितकं विचाराल तेवढंच बोलणारा. आल्याबरोबर त्यानं पहारेच्या टोकानं भिंती ठोकून पाहिल्या, वर कड्यांकडं मान करून बराच वेळ उभा राहिला आणि मग खाली बसून कोळशानं जमिनीवर रेघा ओढायला लागला.

"अव्वा, वर भोक पडत न्हाय," तो म्हणाला. "तुमच्या अंगाची तुळई चिरलीय. तिला खाली हा खांब दिलाय म्हणून छत थांबलंय. भोक पाडायला माती उकरली की सगळं तुमच्या डोस्क्यावर. नवी तुळई घालायची तर दोन मेंढ्यांत तिचा शेंडा बी येनार न्हाय."

"मग?"

"सगळ्यात स्वस्त सांगू? ह्या मधल्या भितीला वरच्या अंगाला वीतभर भोक घ्यायचं. तुमचा धूर पलीकडं जातो, पलीकडच्या सवण्यातनं भायेर जातो. एका दिवसाचं काम."

"आणि त्यांना विचारायचं?"

"विचाराय तर लागंल."

"मरंन, पर त्यांच्या दारात जाऊन तोंड वेंगाडणार न्हाय. दुसरं सांगा."

महालिंगप्पानं पायानं रेघ पुसली आणि दुसरी ओढली. "मागची भित. तिथं खिडकी. पर खिडकी उघडंल परड्यात, आन् परडं बी त्यांचंच. तिथं बी विचाराय लागंल."

"तिसरं."

त्यानं कोळशाचं टोक दारातून बाहेर, ओसरीच्या अर्ध्या हिश्शापर्यंत नेलं. "चूलच भायेर आणायची. वसरीच्या ह्या टोकाला. कंबरेइतकी आडभित घालायची, वर जुने गज लावायचे. वारा बी आला, उजेड बी आला. धूर वर न्यायला कुंभाराकडनं घागरी आणायच्या, बूड फोडायचं आन् एकीवर एक बशिवायच्या. वसरीचं छत हलकं हाय, तिथं भोक पडतंय." मग त्यानं कोळसा खाली ठेवला. "पर ही जागा मालकाची दिसतीय."

ती जागा धुळाप्पाची होतीच. ओसरीच्या त्या टोकाला त्याची बाज होती. बाजेच्या वर भिंतीला एका एडक्याची वळलेली शिंगं ठोकलेली होती. संध्याकाळी मेंढरं आणणारे, लोकर घेणारे, टकरीचे शौकीन तिथं येऊन बसायचे आणि धुळाप्पा आपल्या त्या मेलेल्या एडक्याच्या टकरी सांगायचा. येडशीच्या जत्रेत त्यानं सलग तीन एडके कसे फिरवले ते गावातल्या प्रत्येकानं दहा-दहा वेळा ऐकलं होतं.

"वसरीत चूल?" धुळाप्पा बाजेवरून उठलासुद्धा नाही. "रस्त्यावरनं जाणारं येणारं बघतंय. आमी बसायचं कुठं? बायामाणसाचं काम आत. तिसरं नको. दुसरं काय ते बघा."

"दुसरं म्हंजी त्यांच्या परड्यात खिडकी," सारजाबाई म्हणाली.

धुळाप्पा त्यावर काहीच बोलला नाही. तो का बोलला नाही हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. बायकोला नाही म्हणताना एरवी त्याच्या जिभेला हाड नसायचं.

भिंतीपलीकडं म्हाळसाबाईनं ठोकण्याचा आवाज ऐकला होता. तिनं काय ओळखायचं ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी परड्यात मागच्या भिंतीला लागून तिनं गोवऱ्या रचल्या. सगळ्या परड्यात जागा असताना नेमक्या सारजाबाईच्या भिंतीपाशी, पुरुषभर उंच. रचून झाल्यावर अंगणात येऊन कोंबडीला म्हणाली, "आता बघू कुणाची चोच कुठनं येती ती."

महालिंगप्पा म्हणाला, "विचारल्याबिगर मी त्या भितीला हात लावनार न्हाय, अव्वा. उद्या भांडण पंचात गेलं तर माझं नाव." आणि विचार ठरला की सांगावा धाडा म्हणून तो नळदुर्गला निघून गेला.

बाजारचा दिवस आला. म्हाळसाबाई टोपली घेऊन बाहेर पडलेली सारजाबाईनं ओसरीतून पाहिली. धुळाप्पा मेंढरांमागं होता. ती आत गेली, महालिंगप्पा ठेवून गेला होता ती पहार उचलली आणि मागच्या भिंतीला घातली.

मातीची भिंत म्हणजे लोणी नव्हे. तिच्या हाताला फोड आले. पण राग एवढा होता की घाम कुठला आणि डोळ्यांचं पाणी कुठलं हे तिलाच कळत नव्हतं. दुपार कलली तेव्हा पहारेचं टोक एकदम पलीकडं गेलं, दोन गोवऱ्या सरकल्या आणि मागोमाग उन्हाची काडी आत आली. तिनं भोक ताटाएवढं केलं. पलीकडच्या गोवऱ्या कोसळलेल्या ऐकू आल्या. आणि त्या उजेडात नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या खोलीच्या भिंती पाहिल्या. डांबर फासल्यासारख्या काळ्या होत्या.

ती तशीच बघत उभी असताना भोकात एक तोंड आलं. म्हाळसाबाई बाजारातून लवकर परत आली होती.

"सारजे!"

नऊ वर्षांनी जाऊ तिचं नाव घेऊन बोलत होती. दोघींच्या तोंडांत हातभराचंही अंतर नव्हतं. म्हाळसाबाईचं तोंड किती सुकलं होतं, पुढचे दोन दात पडले होते, हे सारजाबाईला त्या क्षणी दिसलं. अंगणात एवढ्या जवळ त्या कधी आल्याच नव्हत्या.

"माझ्या गोवऱ्या पाडल्यास. माझ्या परड्यात भोक पाडलंस. कुणी न्हाई म्हातारीला म्हणून?"

"भित माझी हाय."

"भितीचं आतलं अंग तुझं. भायलं माझं. कागूद हाय माझ्यापाशी, पंचांचे आंगठे हायेत त्याच्यावर."

"तुमच्या त्या कागदाला आग लागो," सारजाबाई पहार खाली न ठेवताच म्हणाली. "सवणं खाल्लंत, परडं खाल्लंत, आता वारं बी खावा. माझा एक डोळा गेला तुमच्यापायी. ऐकलंत? गेला. दुसरा राहिलाय तो बी काढून घ्या, हात घाला ह्या भोकातनं."

म्हाळसाबाई क्षणभर तिच्या डाव्या डोळ्याकडं बघत राहिली. मग तिचा आवाज उतरला, पण गोड झाला नाही. उलट जास्त धारदार झाला.

"सवणं म्या खाल्लं? तुला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पंचांनी थोरलीचा मान म्हणून..."

"पंचांनी?" म्हाळसाबाई हसली. "अगं येडे, पंचांनी सवणं तुझ्याच अंगाला टाकलं होतं. तुमी दोन माणसं, एक पोर, मी एकटी. भित सवण्याच्या अल्याड, माझ्या अंगाला घालायची ठरली होती, आन् मागलं परडं निम्मं निम्मं. आमच्या मालकाचा टकरीचा एडका माझ्या हिश्शाला आला होता. तुझ्या नवऱ्याच्या त्यो डोळ्यात भरलेला. म्या म्हनलं, एडका घे, आन् सवणं आन् परडं मला सोड. त्यानं मागं-म्होरं बघितलं न्हाय. पंच म्हनले, बायकुला इचार. तर म्हनला, तिला काय इचारायचं. आन् एडक्याच्या गळ्यात दोर घालून घेऊन गेला."

सारजाबाईच्या हातातली पहार जमिनीला टेकली.

"खोटं बोलता तुमी."

"कागूद वाचून घे कुणाकडनं तरी. एडका लिवलाय त्यात."

"मग नऊ वरसं बोलला का न्हाईत?"

"तू कदी इचारलंस?" म्हाळसाबाई म्हणाली. "माहेरनं आलीस ती तोंड फिरवूनच. खराट्याला, घागरीला शिव्या सांगत ऱ्हायलीस. म्या कशापायी सांगू? मला काय पडलंय? म्या सौदा केला, माझं म्या घेतलं. आता हे भोक बुजीव, न्हाय तर उद्या पंच आणते." आणि तोंड भोकातून निघून गेलं. मग बराच वेळ गोवऱ्या पुन्हा रचण्याचा आवाज येत राहिला.

सारजाबाई ओसरीत येऊन बसली. स्वयंपाक केला नाही. बाजेच्या वरच्या शिंगांकडं ती बघत होती. रोज त्यांच्यावरची धूळ तिनंच पुसली होती. एडका वाटणीत आपल्या हिश्शाला आला, एवढंच तेव्हा धुळाप्पानं सांगितलं होतं. घरात आल्यावर दीड वर्षात तो मेला होता. तो मेला तेव्हा धुळाप्पा दोन दिवस जेवला नव्हता, आणि तिनं धुरात बसून त्याच्यासाठी गोडाचा सांजा केला होता, दोन घास तरी खावेत म्हणून.

दिवस मावळायला धुळाप्पा मेंढरं घेऊन आला. चूल थंड बघून त्यानं विचारलं, "आज काय?"

"एडक्याच्या टकरी दहादा सांगितल्यात तुमी," ती म्हणाली. "एक मला सांगा. त्यो आणायला काय दिलंत?"

धुळाप्पा उंबऱ्यावर बसला. बराच वेळ तो पायातला काटा काढल्यासारखं करत राहिला. पायात काटा नव्हता.

"त्या टायमाला तसं झालं," तो शेवटी म्हणाला. "म्हनलं, दुसरं सवणं पाडू. मग तुळई चिरली. मग राहूनच गेलं. म्या सांगणार होतो."

"कदी? उजवा गेल्यावर?"

सारजाबाई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या बायकोसमोर गप्प बसायची त्याला सवय होती. पण ती अगदी हळू, हिशेबानं बोलली.

"उद्या महालिंगप्पाला सांगावा धाडा. चूल वसरीत येणार. तुमची बाज आत जाईल, माझ्या खोलीत. त्याआधी आतलं भोक तुमी सोताच्या हातानं बुजवायचं. आन् ती शिंगं आजच्या आज भितीवरनं काढा. तिथं माझी परात टांगायचीय."

"लोकं कुठं बसतील?"

"अंगणात. वारं हाय तिथं."

धुळाप्पानं भोक बुजवलं. पलीकडं म्हाळसाबाई उभी होती हे त्याला सावलीवरून कळत होतं. भोक पुरतं बुजेपर्यंत ती तिथं उभी राहिली आणि निघून गेली.

महालिंगप्पा आला. आता त्याला आणि सारजाबाईला दोन मेंढ्यांत सगळं बसवायचं होतं, आणि त्या दोघांनी ते फार चिकाटीनं बसवलं. आडभिंतीला दगड नदीतले, धुळाप्पानं बैलगाडीनं आणायचे. चुना फक्त भिंतीच्या तोंडाला, आत पांढरी माती. गज पडक्या चावडीच्या खिडकीचे, गंजलेले पण सरळ. हैदराबादच्या रस्त्यावर शहाबादी फरशीच्या गाड्या यायच्या. त्यांतली कोपरा उडालेली एक फरशी महालिंगप्पानं जवळजवळ फुकट मिळवली.

"ही कंबरेइतकी उंच बशिवतो," तो म्हणाला. "सोलापुरात आता बाया उभ्यानं स्वयंपाक करायला लागल्यात. शेगडी वर, बाई उभी."

"उभ्यानं भाकरी थापायची?" सारजाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो हसला. "हाताला जोर कुठनं येणार? चूल खालीच ऱ्हाऊ द्या. फरशी शेजारी घाला, गुडघ्याइतकी. भांडी त्याच्यावर. राखेत भांडी ठिवून कटाळले मी."

चुलीचं तोंड रस्त्याकडं की भिंतीकडं यावर दोघांचा अर्धा दिवस गेला. शेवटी तोंड आडवं झालं, म्हणजे वारा सरळ चुलीत घुसणार नाही आणि तिला बसल्या जागेवरून रस्ताही दिसेल. घागरी पाच लागतील असं महालिंगप्पा म्हणत होता. तेवढ्यात मेंढ्या संपल्या.

"चार बशिवतो," तो म्हणाला. "पाचवी असती तर धूर छताच्या वर पार निघाला असता. चारांत जरा खाली ऱ्हाईल. पश्चिमेचं वारं सुटलं तर अंगणात उतरंल."

"माझ्या डोळ्यात?"

"तुमच्या न्हाय. तिकडं." त्यानं हनुवटीनं म्हाळसाबाईच्या दाराकडं दाखवलं.

"मग चारच बशिवा," सारजाबाई म्हणाली.

होळीच्या आधी चूल पेटली. पहिल्या दिवशी ती पेटवून सारजाबाई लांब सरकून बसली, सवयीनं, खांद्यापर्यंत धूर यायची वाट बघत. धूर आला नाही. घागरींतून घोंघावत वर गेला. तिनं भाकरी केल्या, आमटी केली, आणि सगळं होईस्तोवर डोळ्याला पदर लावावा लागला नाही. धुळाप्पा आतल्या काळ्या खोलीत बाजेवर बसून जेवला. भाकरी चांगली झालीय असं म्हणाला. त्या दिवशी आणि पुढं कितीतरी महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. आणि म्हाळसाबाईवरचा रागही गेला नव्हता. देणाऱ्यानं दिलं हे खरं, पण मागणाऱ्या बाईनं जन्मभर दोन वेळची चूल पेटवलेली होती, आपण काय मागतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. आधी सारजाबाईचा राग एका माणसावर होता, आता दोघांवर.

चैत्रात पश्चिमेचं वारं सुटलं. घागरींतून निघालेला धूर ओसरीच्या कडेनं वळायचा आणि सरळ म्हाळसाबाईच्या दारात शिरायचा. पहिल्या दिवशी ती अंगणात येऊन खोकली. दुसऱ्या दिवशी कोंबडीला काही सांगायला गेली आणि खोकल्यानं वाक्य अर्धंच राहिलं. सारजाबाईनं चुलीत ओल्या तुराट्या घातल्या. आठ-दहा दिवस हे चाललं. म्हाळसाबाईच्या दारावरचा चुना पिवळा पडला, मग करडा झाला.

"पंच आणते," म्हाळसाबाई एकदा ओरडली.

"आणा," सारजाबाई गजांमागून म्हणाली. "कागद बी आणा. वाचू द्या सगळ्यांना, एडक्याचं."

पंच आले नाहीत. म्हाळसाबाई त्यांच्याकडं गेलीच नाही.

एका सकाळी सारजाबाई दळण घेऊन परत आली तर तिच्या आडभिंतीवर एक नवी घागर उपडी ठेवलेली. लाल, अजून पाणी न लागलेली. तिनं ती उचलली, तर बूड आधीच फोडलेलं होतं, कडा दगडानं घासून सारख्या केलेल्या. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. म्हाळसाबाई आपल्या दारात पाठ करून बसली होती आणि मोठमोठ्यानं लसूण सोलत होती, म्हणजे सालं जोरानं झटकत होती.

सारजाबाईनं ती घागर उकिरड्यावर फेकायला नेली. उकिरड्यापर्यंत गेली. तिथं उभी राहून तिनं ती उलटसुलट फिरवून पाहिली. कुंभारानं चांगली भाजली होती. ती परत घेऊन आली आणि धुळाप्पाला म्हणाली, "शिडी लावा. ही वर बशिवा. चुना थोडा ऱ्हायलाय."

धुळाप्पानं शिडी लावली. तो वर चढून पाचवी घागर बसवत असताना दोघी आपापल्या दारात उभ्या होत्या. वारा होताच. धुराची रेघ वर गेली, छताच्या बरीच वर, आणि मग गावावरून पूर्वेकडं निघून गेली.

म्हाळसाबाई वर बघत म्हणाली, "आता माझ्या दारात काळं आलं तर बघ तू, सारजे."

"बघा की," सारजाबाई म्हणाली. "दार तुमचं, डोळं तुमचं."

आणि ती चुलीपाशी बसून पीठ मळायला लागली.